पुण्यांतील छोटे प्रकाशक : १८७४ ते १८९१

पुस्तक हातीं घेतलें म्हणजे वाचक आधीं ग्रंथाचें नांव पाहतो, मग ग्रंथकाराचें पाहतो, आणि लगेच पान उलटतो. त्याच पानाच्या तळाशीं बारीक अक्षरांत प्रकाशकाचें व छापखान्याचें नांव असतें. तिकडे सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं. आपल्या वाङ्मयाचे इतिहासहि बहुतेक ह्याच रीतीनें लिहिले गेले आहेत. लेखकाची शैली कशी, त्याचीं मतें कोणतीं, ह्यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु तें लिखाण कागदावर उमटलें कोणाच्या पैशानें, तें विकलें कोणीं, आणि जें उमटलेंच नाहीं त्याचें पुढें काय झालें, हा विचार त्या मानानें थोडा झाला. आजच्या भाषणांत पुणें शहरांतील १८७४ पासून १८९१ पर्यंतचा काळ ह्या एकाच दृष्टीनें पाहावयाचा आहे. ह्या काळांत पुण्यास असे कांहीं लोक होते कीं, त्यांनीं सरकारचा आश्रय घेतला नाहीं, मोठ्या छापखानेवाल्याची वाट पाहिली नाहीं, आणि आपलें लिखाण आपल्याच हिंमतीवर लोकांपुढें मांडलें. त्यांपैकीं कांहींचीं नांवें घरोघर ठाऊक आहेत. परंतु प्रकाशक ह्या नात्यानें त्यांची ओळख फारशी कोणी करून घेतलेली नाहीं.

त्या काळीं मराठी ग्रंथकाराला आपला ग्रंथ छापून काढण्याचे मार्ग मोजकेच होते. पहिला मार्ग सरकारचा. विद्याखातें शाळांसाठीं पुस्तकें करवून घेई. शिवाय पेशव्यांच्या वेळच्या दक्षिणेच्या रकमेंतून पुढें जी दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली, ती पसंत पडलेल्या मराठी ग्रंथांना बक्षीस देई. दुसरा मार्ग मुंबईच्या मोठ्या छापखान्यांचा. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मराठी पंचांग छापून काढलें, आणि जावजी दादाजी यांनीं १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना सुरू केला. ह्या दोघांनीं मुद्रणकलेची जी सेवा केली ती असामान्य आहे. पण मोठा धंदा चालवावयाचा म्हणजे ज्याचा खप निश्चित आहे अशाच मालावर मुख्य भिस्त ठेवावी लागते, आणि पंचांगें व पोथ्या यांच्याइतका निश्चित खप दुसऱ्या कशाला असणार? तिसरा मार्ग आश्रयदात्यांचा. एखादा संस्थानिक किंवा सावकार शंभर-पन्नास प्रति घेण्याचें कबूल करी, आणि ग्रंथकार त्याचें नांव पुस्तकाच्या आरंभीं आदरानें छापी. ह्या तिन्ही मार्गांत एक गोष्ट समान होती. लेखक आणि वाचक ह्यांच्यामध्यें तिसरा कोणी तरी बसलेला होता, आणि काय छापावयाचें हें शेवटीं तोच ठरवीत होता.

तो तिसरा मनुष्य ‘नाहीं’ म्हणाला तर काय होई, ह्याचें उदाहरण पुण्यांतलेंच आहे. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहिलें. एका गरीब शेतकरी जोडप्यास धर्माच्या नांवाखालीं कसें लुबाडलें जातें, हा त्याचा विषय. तें त्यांनीं दक्षिणा प्राइझ कमिटीपुढें ठेविलें. कमिटीनें तें नाकारलें. नाटक लिहून झालें होतें, लेखक उत्साही होता, परंतु तें छापील स्वरूपांत लोकांच्या हातीं पडण्यास १९७९ साल उजाडावें लागलें. म्हणजे मधें एकशें चोवीस वर्षें गेलीं. मराठी नाट्यवाङ्मयाच्या आरंभकाळांतील एक कृति तिच्या काळच्या वाचकांपर्यंत पोंचलीच नाहीं, आणि त्याचें कारण एका बैठकींतला एक नकार, एवढेंच.

आतां विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्याकडे वळूं. शास्त्रीबुवांचे वडील कृष्णशास्त्री हे मोठे विद्वान. त्यांच्याकडून चिरंजीवांकडे ‘शालापत्रक’ ह्या मासिकाचें काम आलें. संस्कृत कवींवरील विष्णुशास्त्र्यांचे निबंध प्रथम त्यांतच निघाले. परंतु तें पत्र विद्याखात्याच्या छायेखालचें. त्यांत मिशनऱ्यांवर व सरकारवर टीका येऊं लागली ती वरिष्ठांस मानवली नाहीं, आणि १८७५ सालीं तें पत्र बंद पडलें. दुसऱ्याच्या घरांत राहून आपल्या मनासारखें बोलतां येत नाहीं, हा धडा शास्त्रीबुवांस येथें प्रत्यक्ष मिळाला. परंतु त्याआधींच, म्हणजे १८७४ च्या जानेवारींत, त्यांनीं ‘निबंधमाला’ सुरू केली होती. त्या वेळीं त्यांचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें.

निबंधमालेच्या भाषेविषयीं आजवर पुष्कळ बोललें गेलें आहे. तिच्या व्यवहाराकडे पाहिलें तर एक निराळीच गोष्ट ध्यानांत येते. हें मासिक जवळजवळ एकट्या मनुष्यानें लिहिलें. सात वर्षांत त्याचे चौऱ्यायशीं अंक निघाले. अशा मासिकाला लेखकांना मानधन द्यावें लागत नाहीं, संपादक वेगळा लागत नाहीं, आणि मजकूर कोणास दाखवून संमति घ्यावी लागत नाहीं. शिवाय मासिकाची घडणच छोट्या प्रकाशकास सोयीची असते. देवनागरीची जुळणी मोठी कष्टाची. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरें ह्या सर्वांचे निरनिराळे खिळे लागतात, आणि लहान छापखान्यांत ते बेताचेच असतात. कांहीं पानें जुळवावयाचीं, छापावयाचीं, मग तेच खिळे मोडून पुन्हां खणांत टाकावयाचे, आणि पुढचीं पानें हातीं घ्यावयाचीं, असा क्रम असे. तीन-चारशें पानांचा ग्रंथ एकदम काढावयाचा म्हटलें तर कागदाचा व जुळणीचा सगळा खर्च आधीं, आणि विक्रीचे पैसे मागाहून. मासिकांत हें उलट होतें. वर्षाची वर्गणी आधीं हातीं येते, आणि पानें महिन्यामहिन्यानें द्यावयाचीं असतात. वाचकच प्रकाशकाला भांडवल पुरवितो. म्हणून निबंधमालेंतले लांबलचक निबंध अंकामागून अंक चालत राहिले. ते एकत्र केले असतां मोठमोठे ग्रंथ होतील, परंतु ग्रंथ म्हणून ते त्या वेळीं निघाले असते असें म्हणवत नाहीं.

मात्र वर्गणीदार कोणी आकाशांतून पडत नाहीं. त्याला शहर लागतें, मंडळी लागते. १८७० नंतरचें पुणें ह्या दृष्टीनें अनुकूल होतें. १८७० मध्यें सार्वजनिक सभा स्थापन झालेली, १८७१ मध्यें न्यायमूर्ति रानडे पुण्यास आलेले, ‘ज्ञानप्रकाश’ पत्र १८४९ पासून चाललेलें. हायस्कुलांतून व कॉलेजांतून बाहेर पडलेल्या तरुणांचा एक नवा वर्ग तयार झाला होता. त्याला इंग्रजी येत होतें, आणि मराठींत कांहीं तरी वजनदार वाचावें अशी त्याला भूक होती. ‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिति’ ह्या निबंधापासून मालेचा आरंभ झाला, हें योग्यच झालें. ज्या वाचकापाशीं वर्गणी मागावयाची, त्याच्याच मनांतली खंत प्रथम बोलून दाखविली.

ह्या मंडळींत एकमत होतें असें मात्र कोणी समजूं नये. उलट मालेचा बराचसा जोम वादांतून आलेला आहे. लोकहितवादी गोपाळराव हरि देशमुख यांच्यावर शास्त्रीबुवांनीं कडक टीका केली. जोतीराव फुले यांच्या लिखाणाची तर त्यांनीं, व्याकरणाच्या चुका काढून, इतकी हेटाळणी केली कीं, आज ती वाचतांना विद्वत्तेपेक्षां तिच्यांतला अभिमानच अधिक डोळ्यांत भरतो. असें असूनहि त्याच शहरांत लोकहितवादी व रानडे यांनीं ग्रंथकारांस एकत्र बोलाविलें. ११ मे १८७८ रोजीं पुण्यास हिराबागेंत ग्रंथकारांची पहिली सभा भरली, आणि पुढच्या सर्व साहित्यसंमेलनांचें मूळ तेथेंच धरलें जातें. मराठी ग्रंथांस उत्तेजन कसें मिळावें, हा त्या सभेचा विषय होता. म्हणजे छापण्याच्या व खपाच्या ज्या अडचणी आपण पाहत आहों, त्या त्याच वर्षीं जाहीर सभेपुढें आल्या होत्या.

१८७८ हें वर्ष आणखीहि दोन कारणांनीं महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं मार्च महिन्यांत लॉर्ड लिटन यांच्या सरकारनें देशी भाषांतील पत्रांसाठीं कायदा केला. मुद्रक व प्रकाशक यांजकडून जामीन घेण्याचा, आणि लिखाण आक्षेपार्ह वाटल्यास छापण्याचें साहित्यच जप्त करण्याचा अधिकार सरकारनें आपल्या हातीं घेतला. त्यावर न्यायालयांत दाद नव्हती. लहान छापखान्याच्या मालकाला ह्याचा अर्थ फार स्पष्ट होता. त्याची सगळी जिनगी म्हणजे एक यंत्र व कांहीं मण खिळे. तें गेलें कीं तो रस्त्यावर आला. हा कायदा पुढें लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत रद्द झाला. पण निबंधमालेचीं शेवटचीं वर्षें त्याच्या सावलींत गेलीं, आणि त्याच वर्षांत शास्त्रीबुवांनीं ‘आमच्या देशाची स्थिति’ हा आपला सर्वांत निर्भीड निबंध लिहिला.

आणि ह्याच १८७८ मध्यें त्यांनीं आपला पसारा वाढविला. काशीनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्या सहकार्यानें ‘काव्येतिहाससंग्रह’ हें मासिक निघालें. जुन्या बखरी, पत्रें, कविता घरोघर दप्तरांत कुजत पडल्या होत्या, त्या छापून काढण्याचें काम ह्या मासिकानें केलें. त्याच वर्षीं ‘चित्रशाळा’ स्थापन झाली, आणि शिळाछापाचीं रंगीत चित्रें पुण्यास निघूं लागलीं. पुस्तकें विकण्यासाठीं ‘किताबखाना’ हें दुकानहि त्यांनीं घातलें. ह्या सर्वांकडे देशाभिमानाचीं कार्यें म्हणून पाहण्याचा प्रघात आहे, आणि तो खोटा नाहीं. परंतु त्यांत धंद्याचें शहाणपणहि आहे. ज्या घरांत निबंध वाचणारा एक मनुष्य असतो, त्याच घरांत देवाचें चित्र भिंतीवर लावणारीं दहा माणसें असतात. चित्रांचा खप ग्रंथाला आधार देतो. दुकान असलें म्हणजे विक्रीसाठीं दुसऱ्याचें तोंड पाहावें लागत नाहीं. लिहिणें, छापणें आणि विकणें हे तिन्ही दुवे एका हातांत आणण्याचा हा प्रयत्न होता.

ह्या काळांत शास्त्रीबुवा सरकारी शाळेंत नोकरी करीत होते, हें विसरतां कामा नये. दिवसा सरकारचे नोकर आणि रात्रीं सरकारचे टीकाकार, अशी ही अवघड स्थिति होती. त्यांची बदली रत्नागिरीस झाली. पुण्याची मंडळी, दुकान, मासिक सगळें दूर राहिलें. शेवटीं १८७९ सालीं त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला. दरमहाचा निश्चित पगार सोडून वर्गणीच्या व विक्रीच्या अनिश्चित उत्पन्नावर उभें राहावयाचें, हा निर्णय गृहस्थाश्रमी मनुष्याला सोपा नसतो. पुढच्याच वर्षीं, १८८० च्या जानेवारींत, न्यू इंग्लिश स्कूल निघालें. टिळक, नामजोशी व पाठोपाठ आगरकर येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारींत ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें सुरू झालीं, आणि त्यांसाठीं आर्यभूषण छापखाना घेण्यांत आला. छापखान्याचें सामान हलवितांना टिळक-आगरकरांनीं तें स्वतः खांद्यावरून वाहून नेलें, असें सांगतात. स्वतंत्र प्रकाशनांत पदवीधर मनुष्यालाहि हमाल व्हावें लागतें, हें ह्या आठवणीवरून चांगलें कळतें.

स्वातंत्र्याची किंमतहि लगेच मोजावी लागली. कोल्हापूरच्या महाराजांच्या प्रकरणांत केसरी व मराठा ह्यांनीं दिवाणांविरुद्ध मजकूर छापला. अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि १८८२ मध्यें टिळक व आगरकर ह्यांस डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढावे लागले. हें पाहण्यास विष्णुशास्त्री राहिले नव्हते. १७ मार्च १८८२ रोजीं, वयाचें बत्तिसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ते वारले. त्यांच्यामागें मात्र छापखाना राहिला, चित्रशाळा राहिली, पत्रें राहिलीं, आणि त्यांचें लिखाण जपणारी मंडळी राहिली.

ह्याच शहराच्या दुसऱ्या बाजूस काय चाललें होतें? जोतीराव फुले हे कंत्राटी व्यवसाय करीत. दक्षिणा प्राइझ कमिटीनें नाटक नाकारल्यावर त्यांनीं पुढें त्या दाराशीं उभें राहण्याचें सोडलें, आणि १८६९ मध्यें शिवाजीमहाराजांवरचा पवाडा, १८७३ मध्यें ‘गुलामगिरी’, अशीं पुस्तकें आपल्या बळावर काढलीं. १८७३ मध्येंच सत्यशोधक समाज स्थापन झाला. कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ च्या आरंभीं पुण्यास ‘दीनबंधु’ पत्र सुरू केलें. १८८० मध्यें तें नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हातीं येऊन मुंबईस गेलें. म्हणजे लेखक होते, पत्र होतें, समाज होता. तरी अडचण निराळ्याच ठिकाणीं होती. चिपळूणकरांचा वाचक शाळांतून तयार होऊन आलेला होता. जोतीरावांना ज्यांच्याशीं बोलावयाचें होतें, त्यांपैकीं बहुतेकांना अक्षरओळखच करून दिलेली नव्हती. म्हणून त्यांना प्रकाशक होण्याच्या आधीं शिक्षक व्हावें लागलें. १८४८ मध्यें त्यांनीं व सावित्रीबाईंनीं मुलींची शाळा काढली, पुढें महारमांगांच्या मुलांसाठीं शाळा काढल्या. त्यांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या मांग मुलीनें लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला गेला. वाचक घडविण्यापासूनच जिथें आरंभ करावयाचा, तिथें वर्गणीचा हिशेब कसा जमावा? पवाड्याचा आणि अखंडांचा जो आश्रय जोतीरावांनीं केला, त्याचें एक कारण हेंच दिसतें. वाचतां येत नसलें तरी ऐकतां येतें, आणि एक प्रत सबंध वस्तीला पुरते.

आणि आपल्या गोटांतलें पत्रहि नेहमीं साथ देतेंच असें नाहीं. जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्यें पुरा केला. त्याचे आरंभींचे भाग दीनबंधूंत आले. पुढचे छापणें पत्रास धोक्याचें वाटलें, आणि तें थांबलें. सबंध ग्रंथ त्यांच्या हयातींत छापून निघाला नाहीं. पुढें १८८५ मध्यें त्यांनीं ‘सत्सार’ नांवाचे दोन छोटे अंक स्वतः काढले. त्याच वर्षीं २४ मे रोजीं पुण्यास दुसरी ग्रंथकार सभा भरली. तिचें आमंत्रण त्यांनीं पत्र लिहून नाकारलें. जे ग्रंथकार सर्व मनुष्यांचे हक्क मान्य करीत नाहींत, त्यांच्या सभांशीं आमच्या पुस्तकांचा मेळ बसत नाहीं, असा त्या पत्राचा आशय होता. गांवांत साहित्यिकांची मंडळी असते खरी, पण तिचें दार कोणासाठीं उघडें असतें, हा प्रश्न त्या पत्रानें कायमचा नोंदवून ठेविला.

ज्या १८८२ सालीं विष्णुशास्त्री वारले, त्याच सालीं पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत एक लहानसें पुस्तक छापलें गेलें. त्याचें नांव ‘स्त्रीपुरुषतुलना’. लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. प्रति पांचशें, किंमत नऊ आणे. सुरतेच्या एका विधवेस बालहत्येबद्दल शिक्षा झाली असतां एका पत्रानें सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलें. त्याला दिलेलें हें उत्तर होतें. बायकांवर ठेविलेला एकेक दोष घेऊन तो पुरुषांतच कसा अधिक आहे, हें ताराबाईंनीं अशा धारदार भाषेंत दाखविलें कीं, त्यांच्या वेळच्या भल्या भल्या निबंधकारांनीं हेवा करावा. पण ताराबाई राहत बुलढाण्यास, पुस्तक छापलें पुण्यास. मागें मासिक नाहीं, दुकान नाहीं, सभा नाहीं. जोतीरावांनीं ‘सत्सार’मध्यें त्यांचा कैवार घेतला, परंतु तेवढ्यानें पुरलें नाहीं. ताराबाईंचें दुसरें पुस्तक आलें नाहीं, आणि हें पहिलेंहि विस्मृतींत गेलें तें १९७५ मध्यें स. गं. मालशे यांनीं पुन्हां प्रसिद्ध करीपर्यंत. जोतीराव १८९० मध्यें वारले. त्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ दुसऱ्या वर्षीं, १८९१ मध्यें, त्यांचे दत्तक चिरंजीव यशवंत यांनीं प्रसिद्ध केला. मंडळी नसली तरी एक मुलगा होता, म्हणून तो ग्रंथ आपल्यापर्यंत आला.

चिपळूणकरांचें सर्व लिखाण सुखरूप राहिलें, असेंहि मात्र नाहीं. ‘आमच्या देशाची स्थिति’ हा निबंध लेखकाच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनीं, १९१० मध्यें, सरकारनें जप्त केला, आणि तो मोकळा होण्यास १९३७ साल यावें लागलें. तरी दोन्ही गोष्टींत फरक आहे. जप्त झालेला निबंध लोकांना ठाऊक होता, त्याची आठवण जागी होती, आणि तो परत मागणारे लोक होते. जो ग्रंथ छापलाच गेला नाहीं, किंवा पांचशें प्रतींवर संपला, तो परत मागावा हें कोणाच्या ध्यानींमनींहि येत नाहीं. सरकारी बंदीला केव्हां तरी शेवट असतो. विस्मरणाला तो असेलच असें नाहीं.

ह्या सतरा वर्षांच्या हकीगतीवरून मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, लेखणी, पैसा आणि वाचकमंडळी ह्या तीन पायांवर स्वतंत्र प्रकाशन उभें राहतें, आणि त्यांतला तिसरा पाय सर्वांत दुर्मिळ आहे. पैसा हप्त्याहप्त्यानें जमतो, खिळे विकत मिळतात, छापखाना खांद्यावरून वाहून आणतां येतो. पण ओळखीपलीकडच्या लेखकाचें पुस्तक विकत घेऊन वाचणारा मनुष्य कोठल्याच बाजारांत मिळत नाहीं. विष्णुशास्त्र्यांना तो आपल्या शहरांत, आपल्याच वर्गांत सांपडला. जोतीरावांना व ताराबाईंना तो त्यांच्या काळांत पुरेसा सांपडला नाहीं, आणि त्याचा तोटा त्यांच्यापेक्षां मराठी वाचकांच्या तीन-चार पिढ्यांना अधिक झाला. तेव्हां एखाद्या लहान प्रकाशकाचें, अपरिचित लेखकाचें पुस्तक आपल्यापुढें आलें तर त्याच्या पानाच्या तळाशीं असलेलें तें बारीक नांवहि वाचावें, आणि जमल्यास एक प्रत घरीं न्यावी. वाङ्मयाच्या इतिहासांत वाचकालाहि कांहीं काम करावयाचें असतें. तें बहुतेक वेळां ह्याहून अवघड नसतें.